कोठीच्या आत काय होतं

आमच्या स्वयंपाकघराला लागून एक बिनखिडकीची खोली आहे. बिल्डरनं नकाशात तिला 'स्टोअर' म्हटलं होतं, आम्ही अडगळीची खोली म्हणत होतो. बंद पडलेला कूलर, मुलाची बॅट आणि पॅड, टीव्हीचं रिकामं खोकं, शाळेनं टाकून दिलेले भारताचे आणि जगाचे नकाशे, असं काय काय तिथं कोंबलेलं होतं. मी भूगोल शिकवते. फाटका नकाशासुद्धा माझ्यानं टाकवत नाही.

त्या खोलीकडं माझं लक्ष गेलं ते पुरामुळं. मागच्या एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलं आणि हायवे बंद झाला. आमचा भाग उंचावर आहे, आमच्यापर्यंत पाणी येत नाही. पण दुधाची गाडी येईना, भाजी येईना. कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ आणायला गेले तर दुकानदार रिकाम्या पोत्याची घडी घालत होता.

"संपली, मॅडम. आता रस्ता सुटला की."

घरी येऊन मी डबे उघडून पाहिले. सगळे तळाला गेलेले. आमचे हाल वगैरे काही झाले नाहीत. तांदूळ होता, शेजारच्या वहिनींनी मसूर दिला, चार दिवस आमटी-भात खाल्ला. पण एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. पूर्वी वर्षाचं धान्य घरात भरून ठेवायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण म्हणजे नक्की काय करायचे? किती भरायचे, कशात भरायचे, आणि ते नासत कसं नव्हतं? माझं माहेर शहरातलं. वडील कचेरीत कारकून. आमच्याकडं महिन्याचं सामान पुड्यांतून यायचं आणि महिना सरायच्या आत संपायचं. साठवण हा प्रकार मी पाहिलेलाच नव्हता.

पण मला त्याची काळजी नव्हती, कारण घरात आत्ती होत्या. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्ती कागलजवळच्या एका गावात मोठ्या शेतकरी कुटुंबात नांदल्या. तीन भाऊ, तीन जावा, सासू-सासरे, पोरंबाळं, गडीमाणसं. माझ्या सासऱ्यांना कोल्हापुरात नोकरी लागली तेव्हा त्या इकडं आल्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडंच असतात. अशा बाईला साठवणीतलं कळणार नाही तर कुणाला कळणार, असं मी धरून चालले होते.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्या लागल्या मी त्यांच्यापाशी विषय काढला. त्या गॅलरीत बसून शेंगा फोडत होत्या.

"आत्ती, ती खोली रिकामी करून कोठीची खोली करू या का? गहू, तांदूळ, शाळू, डाळी, गूळ, चटणी, सगळं वर्षाचं भरायचं. जुन्या पद्धतीनं."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"कशाला?"

"घरात असलेलं बरं असतं ना?"

"दुकान कोपऱ्यावर हाय की," त्या म्हणाल्या. "पायजे तवा जायाचं, पायजे तेवढं आणायचं. कुणाला इचारायला लागत न्हाय."

मला वाटलं होतं त्या पदर खोचून उठतील. हे उत्तर मला अजिबात अपेक्षित नव्हतं. नवरा म्हणाला, "वय झालंय तिचं, दगदग नको वाटत असेल. तुला करायचंय तर कर." पण दगदग नको वाटण्यासारख्या आत्ती नाहीत. त्या रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात आणि येताना भाजीवाल्याशी भांडून येतात.

मी कामाला लागले. कूलर भंगारात दिला, बॅट पुण्याला मुलाकडं पाठवली, नकाशे मात्र आमच्या पलंगाखाली गेले. खोली धुऊन चुना लावून घेतला. तळाशी पोती जमिनीला टेकू नयेत म्हणून सुतारानं फळ्यांचा बुटका ओटा करून दिला. वर लोखंडी मांडणी. माळ्यावरून आईच्या दोन चिनीमातीच्या बरण्या काढल्या, बाजारातून झाकणाची मोठी पिंपं आणली. हे सगळं चालू असताना आत्ती येता-जाता दाराशी थांबायच्या, बघायच्या आणि निघून जायच्या.

मी विचारत राहिले. गव्हाला एरंडेल चोळायचं का? "चोळतात," त्या म्हणायच्या. किती? "आता ते काय..." कडुनिंबाचा पाला तळाशी घालायचा की थराथरात? "घालतात की कुठंतरी." ज्या बाईला अख्ख्या बाजारातली वांगी हातात न घेता पारखता येतात, ती बाई एवढी मोघम का बोलते, मला कळेना. मग मी बाहेर विचारायला लागले. शाळेतल्या शिपायांनी सांगितलं, पाला वाळवून घालायचा, ओला घातला तर बुरशी येते. पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, बिब्बे टाका. एका बाईंनी सांगितलं, गव्हात लोखंडाचा खिळा ठेवा. खिळा कशासाठी, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. त्यांच्या सासूबाई ठेवायच्या एवढंच त्यांना ठाऊक होतं. मला ही उत्तरं गोळा करायला आवडायला लागलं. एकाच प्रश्नाला दर घरात वेगळं उत्तर होतं, आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटत होतं.

तांदूळ नवऱ्याच्या फौंड्रीतल्या एका सहकाऱ्याकडून आला. त्याची शाहूवाडीकडं भातशेती आहे. नवा तांदूळ गिच्च होतो, जुना होईपर्यंत थांबा, असं त्यानं बजावून सांगितलं. गुळाचा हंगाम सरत आला होता, तरी एका गुऱ्हाळावरून शेवटच्या काहिलीतल्या दोन ढेपा मिळाल्या. गहू आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, लक्ष्मीपुरीतल्या धान्यबाजारातून आणला. गच्चीत चादरी घालून दोन दिवस कडक ऊन दिलं. ऊन देण्याच्या कामाला मात्र आत्ती न बोलावता आल्या. चादरीवर पाय पसरून बसल्या, हातानं धान्य खालवर करत राहिल्या, खडे वेचले. सुपात घेऊन पाखडायला लागल्या तेव्हा तर समोरच्या बिल्डिंगमधल्या मुली गॅलरीत येऊन बघत उभ्या राहिल्या. सूप वर जायचं, गहू एका अंगाला आणि कोंडा दुसऱ्या अंगाला, आणि एक दाणा खाली पडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापलेलं असतानाच मी गहू पिंपात भरला, एरंडेल चोळून, वाळलेला पाला थराथरात घालून. झाकण घट्ट लावलं. हाताला गहू छान गरम लागत होता. मला वाटलं, एवढ्या उन्हात किडा कसला टिकतोय.

मग चटणी. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट, जे वर्षभर भाजीत, आमटीत, रश्श्यात पडतं. यात आत्तींचा उत्साह बघण्यासारखा होता. रंगासाठी ब्याडगी किती, ठसक्यासाठी लवंगी किती, हे त्यांनी मिरच्या हातात घेऊन, मोडून, वास घेऊन ठरवलं. कांदा उन्हात वाळवला. खोबरं, तीळ, धणे त्यांनी स्वतः भाजले, मला फक्त ढवळायला दिलं. डंकावर आम्ही दोघी मिळून गेलो. लोखंडी मुसळं धडाधड वर-खाली होत होती, खाली तिखट उडत होतं, रांगेतल्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून खोकत होत्या. आत्ती न खोकता कांडणाऱ्याला सूचना देत होत्या. "लसूण शेवटाला. आत्ता नगं. मी सांगतो तवा."

आत्ती 'सांगतो, गेलो, आलो' असंच बोलतात. आमच्या भागातल्या जुन्या बायका अशाच बोलतात.

घरी येऊन त्यांनी चटणी बरणीत दाबून भरली, वर मिठाचा थर दिला, फडकं बांधलं. बरणी उचलून त्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"धर," त्या म्हणाल्या.

मी आत मांडणीशी उभी होते. "या ना आत, तुम्हीच ठेवा. खालच्या फळीवर."

"तूच ठेव. धर बरणी, जड हाय."

मी घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोली तयार झाल्यापासून आत्ती एकदाही आत आल्या नव्हत्या. धान्याच्या पिशव्याही त्यांनी दारापर्यंत ओढत आणल्या होत्या आणि तिथंच सोडल्या होत्या. मी बरणी खालच्या फळीवर सरकवली.

जूनच्या तोंडावर गव्हाचं पिंप उघडलं तर आतून आंबूस, दमट वास आला. वरचा गहू एकमेकांना चिकटून त्याचे गोळे झाले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी सुटल्याच्या खुणा होत्या. मी हात घातला तर बोटांवर बारीक काळे टोके चढले. शाळूचं पिंप गहू भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भरलं होतं, ते ठणठणीत होतं. खोली तीच, ऊन तेच, पाला तोच. मग गव्हालाच काय झालं?

परातीत तो गहू घेऊन मी आत्तींसमोर बसले. "कुठं चुकलं असेल, सांगा ना. तुमच्या घरात तर एवढं धान्य असायचं."

त्यांनी गव्हात बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला ठावं न्हाय."

"असं कसं?"

"न्हाय ठावं. मी कवा कोठीत गेलो न्हाय."

"मग धान्य आत कोण ठेवायचं?"

"आमी वाळवायचं, पाखडायचं, निवडायचं, आन् कोठीच्या उंबऱ्यापातूर न्यायचं. म्होरलं आक्का बघायची. आत दुसऱ्या कुणी जायाचं न्हाय. सासूनं किल्ली आक्काच्या हातात दिली, ती आक्काच्या कमरंलाच. रोजचं धान्य तीच आतनं काढून द्यायची, सुपात. आत काय हाय, कसं ठेवलंय, किती हाय, मला आजपातूर ठावं न्हाय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली जाऊ. अजून गावातच असतात, मुलाकडं.

"मी पयल्या खेपंला पोटुशी हुतो," आत्ती सांगायला लागल्या. "गूळ आन् शेंगदाणं खावंसं वाटलं. आपल्या रानात ऊस. चारी अंगाला ऊस. सकाळी आक्काला म्हटलं, वाईच गूळ द्या. ती म्हटली, संध्याकाळी बघू. दिवसभर वाट बघितली. संध्याकाळी दिला, वाटीत. मी खाल्ला. पर सकाळचा गूळ संध्याकाळी देणं म्हंजे काय, ते मला कळत हुतं. किल्ली कुणाकडं हाय ते दावायचं."

बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. त्या गहू निवडत राहिल्या. "हितं आल्यावर तुझ्या सासऱ्यांनी मला हातात पिशवी दिली आन् म्हटलं, जा, काय पायजे ते आण. मी पयल्यांदा गूळ आणला. अर्धा किलो. रस्त्यातच खाल्ला थोडा."

एवढ्या वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं. कारण मी विचारलं नव्हतं. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या आहेत म्हणजे त्यांना हे सगळं येत असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मग तुम्हाला कधी वाटलं नाही, आत काय असेल ते बघावं?"

"वाटायचं की," त्या म्हणाल्या. "लई वाटायचं. दारातनं वाकून बघितलं तर पोत्यांची भिंत दिसायची. एकावर एक. तेच्या मागं काय, काय म्हाईत." मग म्हणाल्या, "गहू का नासला ते आक्काला इचारावं लागंल. तिलाच ठावं."

शाळा सुरू व्हायला आठवडा होता. रविवारी सकाळी आम्ही दोघी एसटीनं कागलला गेलो आणि तिथून वडापच्या जीपनं गावात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. आत्ती खिडकीशी बसल्या होत्या आणि नेहमीपेक्षा गप्प होत्या. पिशवीत आक्कांसाठी आमच्या चटणीची छोटी बरणी होती.

घर आता स्लॅबचं झालं आहे, बाहेर टाईल्स लावलेल्या, दारात ट्रॅक्टर. आक्का पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. आत्तींपेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, एका डोळ्यानं कमी दिसतं, पण आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"कोण पावणं?"

"मी हाय आक्का."

"आत्ता वाट घावली व्हय तुला? बस. सुनबाईला घिऊन आलीस, बरं केलंस."

आक्कांच्या सुनेनं चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग मी गव्हाची सगळी हकिगत सांगितली. आक्का कान देऊन ऐकत होत्या.

"भरला कवा?"

"दुपारी. ऊन होतं तेव्हाच."

"गरम?"

"हो, चांगला गरम होता."

"मग घाम सुटला त्याला," आक्का म्हणाल्या. "उन्हातनं काढलं की रातभर घरात उघडं पसरायचं. थंड झालं की सकाळी भरायचं. गरम भरून झाकण लावलं की आत पाणी सुटतंय. एरंडेल लाव न्हायतर पाला घाल, काय उपेग न्हाय."

इतकं सोपं कारण होतं. शाळू वाचला तो केवळ मला त्या दिवशी भरायचा कंटाळा आला म्हणून. मी मनात ते पक्कं करत होते, तेवढ्यात आत्ती बोलल्या.

"आक्का, एक इचारू?"

"इचार की."

"कोठीत काय असायचं?"

आक्कांनी चहाची बशी खाली ठेवली.

"म्हंजे?"

"पोत्यांच्या मागं. मी कवा बघितलं न्हाय. तुमी आत येऊ दिलं न्हाईसा."

मला वाटलं आता वाद होणार. आक्कांनी आत्तींकडं एका डोळ्यानं बघितलं. मग हसल्या.

"काय नसायचं," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?"

"म्हंजे काय नसायचं. म्होरली पोती कोंड्याची. मागं मोकळं. एका कोपऱ्यात महिन्या-दीड महिन्याचा शाळू, थोडा तांदूळ. एवढंच."

मी विचारलं, "पण एवढी शेती होती ना?"

"हुती. मामंजींनी समद्या रानात ऊस लावला. आधी आपल्याकडं शाळू पिकायचा, गहू, हरभरा, तूर, समदं पिकायचं. कोठी भरून जायाची तवा. ते मी बघितलंय, माझ्या लगनात. मग कारखाना आला, पाणी आलं, सगळीकडनं ऊस. उसाचं पैसं वर्षातनं एकदा यायचं. शाळू बाजारातनं आणायला लागला. शेतकऱ्याच्या घरात बाजारचं जुंधळं. सासूला त्याची लई लाज वाटायची. किल्ली देताना मला म्हटली, आतलं आत ऱ्हाऊ दे. कुणाला दावायचं न्हाय, सुनांस्नी तर न्हायच. सुना म्हायेरी जाऊन बोलतात."

"आन् धान्य यायचं कुठनं?" आत्तींनी विचारलं.

"पहाटं बैलगाडी यायची. तुमी समद्या झोपल्याला असायचासा."

"आमी वाळवलेलं?"

"तेच. बाजारचं आणायचं, दोन दिसांनी तुमास्नी वाळवायला द्यायचं. लांबच्या रानातलंच हाय म्हणायचं."

मी शाळेत वर्षानुवर्षं 'पीकपद्धतीतील बदल' हा धडा शिकवत आले आहे. फळ्यावर दोन चौकटी काढते, एकात आधीची पिकं, दुसऱ्यात नंतरची. मधला बाण एका घराच्या कुलपातून गेलेला असेल हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

आत्ती साडीच्या काठाशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "मी पोटुशी हुतो तवा गूळ मागितला हुता."

"आठवतंय."

"तुमी संध्याकाळी दिला."

"घरात नव्हता," आक्का म्हणाल्या. "ऊस सगळा कारखान्याला. गूळ कोण करतंय? सकाळी तू मागितलास, मी मागल्या दारानं दोन घरं फिरलो. एकीच्या घरात पावणं हुतं, तिच्याकडं तोंड उघडलं न्हाय. दुसरी रानात गेलती. ती सांजच्याला आली, तवा तिच्याकडनं वाटीभर आणला."

ट्रॅक्टरवर एक कोंबडी चढून बसली होती, तिला सुनेनं हाकललं.

"सांगायचं तरी," आत्ती म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. "मी कुणाला सांगणार हुतो?"

"कुणाला सांगितलं नसतंस. पर मागायचं सोडलं असतंस." आक्कांनी गुडघ्यावर हात चोळले. "पोटुशी बाई. तिनं मागायचं न्हाय तर काय करायचं."

"मी तुमास्नी लई बोललोय. मनात. आन् हिच्यापाशी बी परवा."

"बोल की. मला काय ऐकू आलं न्हाय."

आत्ती हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी उठून सुनेला कपबश्या आवरायला मदत करायला गेले. तिथं थांबणं मला अवघड झालं होतं.

निघायच्या आधी आत्तींनी विचारलं, "ती खोली हाय का अजून?"

"हाय. घर नवं बांधलं तरी ती पाडली न्हाय, दगडाच्या भिंती हाईत म्हणून. जा बघून ये."

मागच्या अंगाला ती खोली होती. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. आत खताच्या गोण्या, औषध मारायचा पंप, जुना टायर. आत्ती दारात थांबल्या, चपला काढल्या आणि आत गेल्या. मी मागं उभी राहिले. त्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालून आल्या. चार-पाच पावलांत खोली संपली.

"एवढीच हुती व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं लांबपातूर गेली असंल."

परतताना जीपमध्ये त्या एकच वाक्य बोलल्या. "सगळ्यांत जास्त अडचण आक्काचीच झाली बघ."

घरी आल्यावर आम्ही गहू पुन्हा चाळला, निवडला, पण पावसाळी ढग यायला लागले होते, कडक ऊन मिळेना. बराचसा गहू टाकावा लागला. उरलेला दळून लगेच संपवला. यावेळी पिंप आत्तींनी पुसलं, आत जाऊन, आणि शाळूचं पिंप जागेवरून हलवून भिंतीपासून लांब ठेवलं, कारण भिंतीला ओल येते असं त्यांना वाटलं. ते चूक निघालं. ती भिंत कोरडी होती आणि ओल दुसरीकडून आली, बाथरूमच्या अंगानं, नेमकी त्यांनी नव्यानं ठेवलेल्या पिंपाखाली. आम्ही दोघींनी मिळून ते पुन्हा हलवलं. आता कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, त्यामुळं दोघी मिळून बघत होतो. पावसात गुळाला पाझर सुटला. तो कागदात गुंडाळून ठेवला, मग कागद चिकटला. मग डब्यात घातला. तूरडाळ चांगली राहिली. तांदळात थोडे टोके झाले. चटणीला काहीही झालं नाही.

त्या वर्षी मला एक अडचण वेगळीच आली. आत्ती त्या खोलीतून देऊ लागल्या. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना गूळ, शेजारच्या वहिनींना वाटीभर शाळू, वॉचमनच्या बायकोला चटणी. मागितलं की लगेच, कधी न मागता. दिवाळीपर्यंत गुळाची एक ढेप संपली. मी म्हटलं, "आत्ती, हे वर्षाचं आहे."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "सरलं की आणू. दुकान हाय."

मला हे पटायला वेळ लागला. साठवणीचा अर्थ मी पुरवून खाणं असा घेतला होता. त्यांच्या लेखी दार उघडून लगेच देता येणं हाच त्यातला सगळ्यात चांगला भाग होता. शेवटी मी माझं गणित बदललं. गहू आता आम्ही वर्षाचा भरत नाही, दर दोन महिन्यांनी आणतो. शाळू, तांदूळ, चटणी भरून ठेवतो. गूळ जरा जास्तच घेतो.

आक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं तेव्हा त्या आमच्याकडं राहिल्या होत्या. आत्तींनी त्यांना हाताला धरून खोलीत नेलं आणि पिंपांची झाकणं एकेक करून उघडून दाखवली. आक्कांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्या प्रत्येकात हात घालून बघत होत्या.

यंदा शाळू आणायला आत्ती माझ्याबरोबर लक्ष्मीपुरीत आल्या. व्यापाऱ्यानं नमुना पुढं केला, त्यांनी मूठभर घेऊन एक दाणा दाताखाली धरला.

"कुठला हाय?"

"सोलापूरकडचा, आज्जी. मंगळवेढ्याचा."

"आन् तुमी एवढा ठेवता कुठं?"

"मागं गोदाम आहे."

"बघू की."

व्यापारी माझ्याकडं बघायला लागला. त्यानं खांदे उडवले आणि आम्हाला मागं नेलं. शटर वर केलं. आत छतापर्यंत पोती रचलेली, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. आत्ती माझी वाट न बघता आत शिरल्या. पोत्यांच्या मागं काय आहे, भिंतीपासून एवढं अंतर का सोडलंय, खाली फळ्या कसल्या आहेत, उंदरांचं काय करता, सगळं विचारत पार शेवटपर्यंत गेल्या. व्यापारी आधी तुटक उत्तरं देत होता, मग त्यालाही सांगायला मजा वाटायला लागली. एक पोतं नुकतंच फोडलेलं होतं. आत्तींनी बाही मागं सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"आतनं गरम लागतंय की हे," त्या म्हणाल्या. "का गरम लागतंय?"

व्यापाऱ्यानं जरा विचार केला. "आजच ट्रकमधनं उतरलंय, आज्जी. ऊन लागलेलं असणार. न्हायतर मग आत कीड..." तो थांबला आणि त्यानं स्वतःच दुसऱ्या पोत्यात हात घालून पाहिला.